सेसनात टॅबलेट कसा वापरावा: सोलापूरच्या उन्हातून कोल्हापूरपर्यंत

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझा टॉवेलचा कारखाना आहे. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी खासगी पायलटचा परवाना काढला तेव्हा घरच्यांनी, कामगारांनी आणि यार्नवाल्या व्यापाऱ्यानंही एकच प्रश्न विचारला, "कशाला?" त्याचं उत्तर अजून माझ्याकडं नाही. पण एका मित्राचं सेसना १७२ नावाचं जुनं छोटं विमान आहे. महिन्यातून एक-दोनदा आम्ही दोघं पेट्रोल वाटून घेऊन ते उडवतो आणि त्यात टॅबलेटवर नकाशा लावून दिशा बघतो. नवीन परवाना काढलेली तीन-चार पोरं हल्ली मला विचारतात की कुठला टॅबलेट घ्यायचा, कसा लावायचा. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

आधी एक गोष्ट साफ सांगतो. विमानात कायमचा बसवलेला, प्रमाणपत्र मिळालेला जीपीएस वेगळा आणि मांडीवरचा टॅबलेट वेगळा. जमीन बघत उडताना टॅबलेट मदतनीस म्हणून फार चांगला, पण ढगात शिरायचा परवाना तो देत नाही. काही ॲपमध्ये विमान किती तिरकं झालंय ते दाखवणारी गोल तबकडीही असते. तिला वेगळ्या सेन्सरची जोड नसेल, तर ती फक्त जीपीएसवरून अंदाज बांधते. ती मी बंदच करून ठेवलीय.

टॅबलेट घेताना

माझ्या ओळखीच्या एकानं नवी पेठेतून स्वस्तात आयपॅड आणला. फक्त वायफायवाला. दुकानदारानं टेबलावर ठेवून नकाशा उघडून दाखवला, निळा ठिपका बरोबर नवी पेठेत. घरी दाखवला, बरोबर घरात. गाडीत लावला, फोनचं हॉटस्पॉट चालू होतं, तिथंही बरोबर. मग विमानात बसला, टेकऑफ झाला आणि ठिपका विजापूर रोडवर जो अडकला तो अडकलाच. विमान मंगळवेढ्याच्या बाजूला आणि ठिपका सात रस्त्याला पोचायच्या बेतात.

कारण असं की वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिपच नसते. आजूबाजूच्या वायफायवरून किंवा जोडलेल्या फोनवरून तो जागा ओळखतो. सिमकार्डवाल्या, म्हणजे सेल्युलर आयपॅडमध्ये चिप असते. सिम घालायचीही गरज नाही, चिप असली की झालं. हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण लोकांना वाटतं की नेटवर्क नसेल तर जीपीएस बंद पडेल. जीपीएसला मोबाईल नेटवर्क लागत नाही. त्याला आभाळ मोकळं लागतं आणि निदान चार उपग्रह दिसावे लागतात, मग तो उंचीसकट जागा सांगतो. नेटवर्क लागतं ते नकाशा उतरवून घ्यायला, आणि ते काम घरी करायचं.

वायफायवाला आधीच घेतला असेल तर टाकून देऊ नका. ब्लूटूथनं जोडता येणारा वेगळा जीपीएस रिसीव्हर मिळतो, काडेपेटीहून थोडा मोठा. तो काचेजवळ ठेवला की काम होतं. फक्त आणखी एक चार्ज करायची वस्तू वाढते.

आकाराचं म्हणाल तर मोठा घेऊ नका. मी आधी दहा इंची घेतला होता. सेसनाच्या केबिनमध्ये तो मांडीवर ठेवला की कंट्रोलचा दांडा पूर्ण मागं ओढताना त्याला लागायचा. आता आठ इंचाच्या आसपासचा छोटा वापरतो, वजन तीनशे ग्रॅमच्या आत. मांडीवर पट्ट्यानं बांधतो आणि विसरून जातो.

ॲप आणि नकाशे: पैसे भरण्याआधी बघा

इंटरनेटवर जे व्हिडिओ बघाल ते बहुतेक अमेरिकेतले. तिकडची विमान वाहतूक संस्था, एफएए, सगळे हवाई नकाशे डिजिटल स्वरूपात फुकट देते. त्यामुळं फोरफ्लाइट, गार्मिन पायलट असली ॲपं तिकडं कमाल दिसतात. शिवाय तिकडं जमिनीवरच्या केंद्रांकडून उडत्या विमानाला हवामान फुकट मिळतं आणि टॅबलेटवर पावसाचे ढग रंगीत दिसतात. ते बघून आपल्याकडच्या एकानं ते हवामान पकडणारा महागडा रिसीव्हर परदेशातून मागवला. इथं ती हवामान सेवा नाही. डबी विमानाच्या खणात पडून आहे.

म्हणून पैसे भरायच्या आधी चाचणीच्या मुदतीत ॲप उघडा, सोलापूर आणा आणि बघा: धावपट्टी दिसते का, जमिनीची उंची रंगानं दिसते का, नद्या आणि रूळ आहेत का, हवाई क्षेत्रांच्या हद्दी आहेत का, आणि नेट बंद केल्यावर हे सगळं तसंच राहतं का. शेवटची चाचणी सगळ्यात महत्त्वाची. घरात बसून एअरप्लेन मोड चालू करा, ॲप पूर्ण बंद करून परत उघडा, आणि बोटानं सोलापूरपासून कोल्हापूरपर्यंत नकाशा सरकवत जा. मध्येच करडे चौकोन दिसले तर तेवढा भाग उतरलेला नाही. एअरप्लेन मोडमध्येही आयपॅडचा जीपीएस चालू राहतो, तेवढं 'लोकेशन' चालू आहे ना ते बघून घ्या.

भारतीय विमानतळ प्राधिकरण आपली हवाई माहिती पुस्तिका इंटरनेटवर फुकट ठेवतं. त्यातली तुमच्या विमानतळाची आणि पर्यायी विमानतळाची पानं पीडीएफ करून टॅबलेटमध्ये साठवा. मी कोल्हापूरला जाताना बेळगावचीही ठेवतो. ही माहिती दर २८ दिवसांच्या चक्रानं बदलते, त्यामुळं सहा महिन्यांपूर्वीची पीडीएफ म्हणजे शिळी भाकरी. चक्राच्या मध्ये काही बदललं तर ते नोटॅममध्ये, म्हणजे वैमानिकांसाठीच्या तातडीच्या सूचनांमध्ये येतं, ते निघायच्या दिवशी सकाळी बघायचं.

आता आकड्यांची एक गंमत. अक्षांश-रेखांश तीन तऱ्हांनी लिहितात: अंश-मिनिट-सेकंद, अंश आणि दशांश मिनिट, किंवा नुसते दशांश अंश. समजा कागदावर सोलापूर विमानतळाचा अक्षांश १७ अंश ३७ मिनिट ४१ सेकंद आहे आणि ॲपला दशांश मिनिटं हवीत. तुम्ही घाईत १७ अंश ३७.४१ मिनिट टाकलंत तर खूण जागेपासून अर्धा किलोमीटर सरकते. आणि ॲपला दशांश अंश हवे असताना १७.३७४१ टाकलंत, तर तुमचा विमानतळ २८ किलोमीटर दक्षिणेला, भीमेच्या आसपास जाऊन बसतो. मी हे केलंय. नशिबानं जेवणाच्या टेबलावर केलं. रेष भलतीकडं गेलेली बायकोनंच दाखवली, "हे कर्नाटकाच्या बॉर्डरवर कशाला चाललंय?" म्हणून हातानं टाकलेली प्रत्येक खूण उपग्रह चित्रावर ठेवून बघा. धावपट्टीवर बसली पाहिजे.

आदल्या रात्री

टॅबलेट असला तरी मी आधी कागद काढतो. माझे इन्स्ट्रक्टर हवाई दलातून निवृत्त झालेले, त्यांनी ही सवय लावली. कोल्हापूर विमानतळ सोलापूरपासून सरळ रेषेत ११० नॉटिकल मैलांवर, म्हणजे साधारण २०५ किलोमीटर. दिशा २३८ अंश, नैऋत्येच्या थोडी पश्चिमेला. चुंबकीय फरक, म्हणजे नकाशाची उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला फरक, आपल्याकडं एक अंशाच्या आसपास, त्यामुळं तिथं फार डोकं लावायला नको. वारा नसेल आणि शंभर नॉटचा, म्हणजे तासाला शंभर नॉटिकल मैलांचा वेग धरला तर सहासष्ट मिनिटं.

हे मी आधी पट्टी-पेन्सिलीनं काढतो, मग टॅबलेटवर तीच रेष टाकतो आणि दोन्ही आकडे जुळवतो. जुळले नाहीत तर कुठंतरी बोट चुकलंय. या जुळवणीतच वरची सेकंद-मिनिटाची चूक सापडते. मग कागदावर खुणांची यादी: सीना, भीमा, रूळ, कवठे महांकाळ, मिरज, कृष्णा. प्रत्येकीपुढं किती मिनिटांनी यायला हवी ते. रात्री हीच खुणांची ठिकाणं टॅबलेटवरही टाकतो, म्हणजे दोन्हीकडं एकच भाषा होते.

फ्लाइट प्लॅन भरणं, एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) यांचे नंबर घेणं हे सगळं ठरलेल्या रस्त्यानंच करायचं. ते नंबर मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहितो. टॅबलेटच्या नोट्समध्ये लिहिले आणि नेमके रेडिओवर विचारले तेव्हा स्क्रीन झोपलेली, असं एकदा झालं. विमानतळाच्या कंट्रोल टॉवरवाल्याला "एक मिनिट थांबा, पासवर्ड टाकतोय" असं सांगता येत नाही.

सेटिंगमधल्या या गोष्टी रात्रीच करून ठेवा. स्क्रीन आपोआप बंद होणं थांबवा. नोटिफिकेशन सगळी बंद, नाहीतर मिरजेवर उतरती दिशा बघत असताना घरच्या ग्रुपवरचं गुड मॉर्निंगचं फूल नकाशावर उमलतं. न वापरलेली ॲपं आपोआप काढून टाकायची सोय चालू असेल तर ती बंद करा, कारण जागा कमी पडली की टॅबलेट ठरवतो तुम्हाला काय लागत नाही. आणि उड्डाणाच्या आदल्या रात्री सिस्टीम अपडेट अजिबात करू नका. करायचंच तर उतरल्यावर, रविवारी, चहा पीत.

चार्ज शंभर टक्के करून घ्या, विमानातल्या सॉकेटवर भिस्त नको. जुन्या सेसनात १४ व्होल्ट असतात, नव्यात २८. गाडीचा स्वस्त चार्जर २८ व्होल्टवर लावला तर तो जळू शकतो. शिवाय हलके चार्जर रेडिओत खरखर आणतात. आमच्याकडं एकदा टॉवरचं बोलणं कळेना म्हणून हेडफोन बदलला, आवाज वाढवला, शेवटी मित्रानं चार्जर उपटला आणि रेडिओ लख्ख झाला.

बसवायचा कुठं

तीन जागा आहेत: मांडी, कंट्रोलचा दांडा, खिडकीची काच. काचेला चिकटवणारी रबरी टोपी थंड देशात ठीक. सोलापुरात ऊन लागलं की रबर सैल होतं आणि टॅबलेट पायाशी पडतो, तोही नेमका रडर पेडलजवळ. कंट्रोलच्या दांड्यावर बसवला तर टेकऑफच्या आधी दांडा पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं, पूर्ण मागं-पुढं करून बघा. गुडघ्याला, चावीला, कशालाही लागता कामा नये. मला मांडीच बरी वाटते. तोटा एवढाच की मान खाली घालावी लागते, आणि मान खाली गेली की बाहेरचं विमान दिसत नाही. मी स्वतःला सवय लावलीय: बाहेर बघायला लांब वेळ, खाली बघायला एक श्वास.

होकायंत्राजवळ मात्र टॅबलेट नेऊ नका. टॅबलेटमध्ये आणि त्याच्या कव्हरमध्ये लोहचुंबक असतात. विश्वास बसत नसेल तर विमान उभं असताना करून बघा. आम्ही केलं. होकायंत्र ३३० वर स्थिर होतं. मी कव्हर बंद केलेला टॅबलेट हळूहळू डॅशबोर्डवर सरकवत नेला. हातभर अंतरावर काही नाही. वीतभर अंतरावर तबकडी थरथरली. टेकवला तेव्हा ती तरंगत तरंगत वीसेक अंश फिरली आणि तिथंच शांत बसली, जणू तीच खरी दिशा. काढला की परत ३३०. म्हणजे टॅबलेट बंद पडल्यावर ज्या होकायंत्राच्या जिवावर घरी यायचं, त्यालाच टॅबलेट खोटं बोलायला लावतो. आम्ही चुंबकवालं कव्हर हँगरमध्येच काढून ठेवतो.

काळा गॉगल घालत असाल तर तो पोलराइज्ड आहे का बघा. तशा गॉगलमधून स्क्रीन एका कोनात काळी दिसते. मी पहिल्यांदा टॅबलेट बंद पडला समजून दोनदा चालू-बंद केला होता.

उन्हाचं काय करायचं

इथं मी जास्त लिहिणार आहे, कारण या बाबतीत सोलापूरकराला परदेशी व्हिडिओतून काहीच मिळत नाही.

ॲपल सांगतं की आयपॅड बाहेरच्या ३५ अंश सेल्सिअसपर्यंत वापरावा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये सावलीत ४२-४३ असतं. उन्हात उभ्या विमानाच्या केबिनमध्ये किती असेल ते बसून बघा, सीटच्या पट्ट्याचं बक्कल हातात धरवत नाही. टॅबलेट तापला की आधी स्क्रीन मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो, आणि शेवटी काळा पडदा, त्यावर थर्मामीटरचं चित्र आणि थंड होऊ द्या असा निरोप. निरोप आला की काही करता येत नाही, थांबायचं.

माझ्यावर ही वेळ एका एप्रिलात आली. सकाळी आठला निघायचं ठरलेलं. पेट्रोल यायला उशीर झाला, मग आणखी कशाला तरी, आणि निघेपर्यंत साडेदहा होऊन गेले. तेवढा सगळा वेळ टॅबलेट डॅशबोर्डवर, उन्हात, पूर्ण उजेड लावून आणि चार्जिंगला. माझीच कर्मं. सीना गेली, १० वाजून ४२ मिनिटांनी भीमा ओलांडली. हे मी सवयीनं कागदावर लिहिलं आणि नंतर कागदाकडं बघितलंच नाही. टॅबलेटवर छोटं विमान जांभळ्या रेषेवरून छान चाललेलं होतं, तेच बघत बसलो.

११ वाजून १ मिनिटानं पडदा काळा झाला.

मित्र शेजारी बसलेला, त्यानं खाली बघून सहज विचारलं, "का बे, हे कुठलं गाव?" मला सांगता येईना. खाली पिवळी-तपकिरी जमीन, शेततळी, एक टाकी, एक रस्ता. जतच्या बाजूच्या त्या माळावर दर दोन मिनिटांनी असंच एक गाव येतं. जीव घाबरा झाला असं म्हणणार नाही, पण तोंड कोरडं पडलं हे खरं.

मग कागद काढला. भीमेपासून १९ मिनिटं झालेली. वेग शंभर नॉट धरला तर ३२ मैल. भीमा सोलापूरपासून माझ्या मोजणीत १७ मैल, म्हणजे आम्ही ४९ मैलांवर. कवठे महांकाळ ७१ वर. पंढरपूरहून मिरजेला जाणारा रूळ उजवीकडून येऊन तिथं आमच्या रेषेला मिळतो. २२ मैल, म्हणजे तेरा मिनिटं. दिशा बदलायची नाही, उंची बदलायची नाही, उजवीकडं बघत राहायचं. तेराव्या मिनिटाला रूळ नव्हता. चौदाव्याला मित्रानं बोट दाखवलं. माळावर एक सरळ काळी रेघ आणि तिच्यावर मालगाडीचे डबे. त्या रुळाचा हात धरून मिरज गाठलं. मिरजेत चारी बाजूंनी रूळ येऊन मिळतात, वरून ते ओळखायला नकाशा लागत नाही.

तेव्हापासून आमची पद्धत अशी आहे. टॅबलेट विमानात सगळ्यात शेवटी येतो, तोपर्यंत थंड पिशवीत, पण बर्फाला चिकटवून नाही, नाहीतर आत दमट होतं. रबरी जाड कव्हर काढून टाकायचं, ते गोधडीचं काम करतं. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेताना, आणि वाट बघताना त्यावर पांढरा टॉवेल टाकायचा. टॉवेल आमच्याच कारखान्यातला, हातपुसणीचा, कोरडा. ओला नाही, काही हुशार मंडळी ओला करतात आणि मग चार्जिंगच्या भोकात पाणी जातं. सेसनात पंखाच्या मुळाशी हवेच्या दोन नळ्या असतात, ओढल्या की वारा येतो. त्यातली एक माझ्या तोंडावर आणि दुसरी टॅबलेटच्या पाठीवर. उडताना चार्जिंग करायचं नाही, कारण चार्जिंगची स्वतःची उष्णता असते. उजेड लागेल तेवढाच.

आणि वर जायचं. पश्चिमेकडं जाताना आम्ही साडेसहा हजार फुटांवर उडतो. दर हजार फुटाला साधारण दोन अंश कमी धरले तरी सोलापूरच्या जमिनीपेक्षा दहाएक अंश थंड. टॅबलेट सुखात, आपणही सुखात, आणि दुपारचे हवेचे हेलकावेही कमी. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघणं याला मात्र दुसरा उपाय नाही.

दुसरं यंत्र हवंच. आमच्याकडं मित्राच्या फोनमध्ये तेच ॲप, तेच नकाशे, तीच रेष. तो फोन बंद करून मागच्या सीटच्या खिशात, सावलीत. दोन्ही यंत्रं एकाच उन्हात ठेवली तर दोन्ही एकदमच मरतात.

उडताना स्क्रीनवर काय बघायचं

टॅबलेट तुम्हाला जमिनीवरची वाट दाखवतो, विमानाचं नाक कुठं आहे ते दाखवत नाही. वारा उजवीकडून असेल तर नाक २४५ वर आणि वाट २३८ वर असू शकते. नवी पोरं स्क्रीनवरच्या रेषेचा पाठलाग करतात: थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं, पुन्हा डावीकडं. मागून बघितलं तर बैल मुतत गेल्यासारखी वाट. त्यापेक्षा होकायंत्रावर एक दिशा धरा, पाच मिनिटं सोडू नका, मग टॅबलेटवर बघा किती सरकलात. साठ मैलांत एक मैल सरकलं तर एक अंशाची चूक, हा जुना हिशोब इथं उपयोगी पडतो. टॅबलेटवरचा जमिनीचा वेग मात्र सोन्यासारखा असतो. त्यावरून वारा किती ते कळतं आणि पेट्रोलचा हिशोब खरा होतो. वाऱ्याची दिशा हवीच असेल तर निघताना फताटेवाडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीचा धूर बघा, फुकट आहे.

उंचीसाठी टॅबलेटकडं बघायचं नाही. विमानातला उंची दाखवणारा अल्टीमीटर हवेच्या दाबावर चालतो आणि टॉवर जो क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशोबातला हवेचा दाब, देतं त्यावर सगळी विमानं आपापली उंची लावतात. जीपीएसची उंची वेगळ्या तऱ्हेनं मोजली जाते. ती पृथ्वीचा एक गुळगुळीत गणिती आकार धरते, आणि आपल्या दख्खनमध्ये खरी समुद्रसपाटी त्या आकाराच्या ६० ते ८० मीटर खाली आहे. बहुतेक ॲपं हा फरक काढून टाकतात, तरी उन्हाळ्यात तापलेल्या हवेमुळं दोन आकडे जुळत नाहीतच. सगळे ज्या पट्टीनं मोजतात त्याच पट्टीनं आपण मोजायचं.

जत, ढालगाव, कवठे महांकाळच्या बाजूला डोंगरांवर पवनचक्क्या आहेत. तुमच्या ॲपमध्ये त्या सगळ्या असतील असं धरू नका. खाली उतरून उडायचा मोह तिथं टाळा.

ठिपका अचानक उडी मारून भलतीकडं गेला, किंवा वेग एकदम वेडावाकडा दिसायला लागला, तर जीपीएसवर शंका घ्या. सिग्नल दाबणं किंवा खोटा सिग्नल सोडणं हे हल्ली खरंच घडतं, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानंही (डीजीसीए) २०२३ मध्ये त्याबद्दल सूचना काढली होती. अशा वेळी हेडिंग, म्हणजे होकायंत्रावरची नाकाची दिशा धरा, घड्याळ बघा, खिडकीबाहेर बघा. निघाल्यावर आधी सीना, मग भीमा, डाव्या हाताला हत्तरसंग-कुडलचा संगम. नद्यांना कोणी खोटा सिग्नल पाठवू शकत नाही.

सरावासाठी आम्ही प्रत्येक तिसऱ्या फेरीला टॅबलेट मुद्दाम टॉवेलखाली ठेवतो. जो उडवतोय त्यानं कागदावर खुणा टिपायच्या, शेजारच्यानं फोनवर गुपचूप बघत राहायचं आणि दोन मैलांपेक्षा जास्त सरकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. हरणाऱ्यानं कोल्हापुरात मिसळ खाऊ घालायची. आत्तापर्यंत माझीच जास्त गेलीय.

उतरल्यावर

विमान बांधून झालं की टॅबलेट पहिला बाहेर काढा, उन्हात सोडू नका. चहा पिताना ॲपनं नोंदवलेली वाट उघडा आणि शेजारी कागद ठेवा. कुठं सरकलो, कुठं वारा बदलला, कुठल्या खुणेला किती मिनिटं चुकलो, हे तिथं दिसतं. परतीची दिशा ५८ अंश, पूर्वेकडं असल्यामुळं उंची बदलते, आम्ही साडेपाच हजार घेतो. सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी दृश्य उड्डाणाची, म्हणजे बाहेर बघत उडायची वेळ संपते, म्हणून परतीचा शेवटचा निघायचा वेळ कागदावर आधीच गोल करून ठेवायचा आणि मिसळीच्या दुसऱ्या प्लेटला नाही म्हणायचं.

एक शेवटचं काम उरतं: स्वतः टाकलेल्या जुन्या खुणा साफ करणं. होटगी रस्त्यावरच्या साखर कारखान्याची ती चिमणी, जिच्यावरून सोलापुरात इतकी वर्षं भांडणं झाली, ती जून २०२३ मध्ये पाडली. पाडतानाचे व्हिडिओ सगळ्या गावानं बघितले, मीही बघितले. पण टॅबलेटवर मी स्वतः लावलेला तिचा लाल त्रिकोण पुढचं वर्षभर तसाच होता, आणि प्रत्येक वेळी उतरताना मी सवयीनं तिच्यासाठी डावीकडं नजर टाकायचो.

ॲपचा कॅशे, म्हणजे त्यानं साठवून ठेवलेली माहिती, साफ करू नका, खुणांची यादी उघडा आणि एकेक बघून काढा. कॅशे साफ केला तर नकाशेही जातात.